काच ठरवावी टाइलआधी, मोजावी टाइलनंतर

बाथरूमच्या नूतनीकरणाविषयी आलेल्या पत्रांपैकी शॉवरच्या काचेच्या पार्टिशनसंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी कोणती काच चांगली, असे विचारले आहे. परंतु पत्रे वाचत गेल्यावर असे दिसले की, काचेचा विचार कामाच्या कोणत्या टप्प्यावर झाला, यावरच बऱ्याच अडचणी अवलंबून होत्या. म्हणून पहिल्या पत्राला विस्ताराने उत्तर दिले आहे.

प्रश्न: आमच्या बाथरूमची जुनी फरशी आणि भिंतींवरच्या टाइल उखडून झाल्या आहेत. खोली १५०० मि.मी. रुंद आणि २४०० मि.मी. लांब असून अगदी आतल्या ९०० मि.मी. भागात शॉवर घ्यायचा आहे. दार नसलेली, एकाच स्थिर काचेची रचना आम्हाला आवडली आहे. पण बाहेरची फरशी सतत ओली राहील, त्यापेक्षा सरकत्या दारांचे पूर्ण पार्टिशन घ्या, असे कंत्राटदारांचे म्हणणे आहे. शिवाय काचेचे नंतर पाहू, आधी टाइल लावून घेऊ, असेही ते म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर: कंत्राटदारांच्या दोन सल्ल्यांपैकी पहिल्याचा विचार करावा आणि दुसरा अजिबात मानू नये. काच बसते सर्वांत शेवटी हे खरे. मात्र शॉवर कोणत्या भिंतीवर, फरशीचा उतार कोणत्या दिशेला, पाण्याची जाळी कुठे, भिंतीच्या आत आधार कुठे, या चारही गोष्टी काचेच्या प्रकारावर ठरतात आणि टाइल लागल्यावर त्यांतली एकही बदलता येत नाही. आपल्या भिंती या घडीला उघड्या आहेत, म्हणजे निर्णय घेण्याची योग्य वेळ हीच आहे.

स्थिर काचेच्या रचनेत बाहेरची फरशी कोरडी राहील की नाही, हे काचेच्या दर्जावर नव्हे, तर पाण्याच्या वाटेवर अवलंबून असते. आपल्या खोलीत डाव्या भिंतीपासून ९०० मि.मी. लांबीची काच घेतली, तर उजवीकडे ६०० मि.मी. मोकळी वाट उरते आणि ती सामान्य शरीरयष्टीच्या माणसाला पुरते. आता शॉवर आतल्या, म्हणजे काचेच्या समोरच्या भिंतीवर लावला, तर फवारा बाहेरच्या दिशेने येईल. त्यातला काचेवर पडणारा भाग अडेल आणि उरलेला मोकळ्या वाटेने थेट वॉशबेसिनपर्यंत जाईल. तोच शॉवर डाव्या भिंतीवर, म्हणजे ज्या भिंतीपासून काच सुरू होते तिच्यावर लावला, तर फवारा काचेला समांतर जातो, स्नान करणारा माणूस काचेच्या मागे उभा राहतो आणि अंगावरून उडणारे पाणी काच किंवा आतली भिंत अडवते. एवढ्या एका बदलाने फरशीवर पडणाऱ्या पाण्यात मोठा फरक पडतो. शॉवरचा नळ मात्र मोकळ्या वाटेपासून हात पोहोचेल अशा जागी घ्यावा, म्हणजे सुरुवातीचे थंड पाणी अंगावर न घेता तो चालू करता येतो. भिंत फोडलेली असतानाच ही नळजोडणी सोयीची असते.

छतातून सरळ खाली पडणाऱ्या रुंद शॉवरचे पाणी तिरक्या फवाऱ्यापेक्षा कमी दूर जाते. हातातला शॉवर मात्र कोणत्याही दिशेला वळतो. घरात लहान मुलांना स्नान घालण्यासाठी तो रोज वापरला जाणार असेल, तर उघड्या रचनेचा आग्रह सोडावा आणि दाराचे पार्टिशन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर उताराचा प्रश्न येतो. शॉवरच्या भागात जाळीकडे दर मीटरला साधारण १० ते २० मि.मी. उतार असावा. तो कोणत्या दिशेने द्यायचा याकडे गवंडी आणि काचवाला या दोघांचेही सहसा लक्ष नसते, कारण दोघे एकमेकांना भेटतच नाहीत. उतार काचेच्या लांबीच्या दिशेने दिला, तर दर मीटरला १५ मि.मी. या हिशेबाने ९०० मि.मी. काचेच्या एका टोकाखाली दुसऱ्या टोकापेक्षा सुमारे १३ मि.मी. जास्त फट पडते. मग ती फट सिलिकॉनने भरण्याचा ओबडधोबड उपाय होतो, किंवा काचेची खालची कड तिरकी कापून घ्यावी लागते. त्याऐवजी आतल्या भिंतीलगत लांबट जाळी घेऊन उतार काचेपासून सरळ तिच्याकडे दिला, तर काचेखालची रेषा पाणसळीत राहते आणि पाणीही बाहेरच्या भागापासून दूर जाते. मोकळ्या वाटेबाहेरच्या फरशीलाही किमान अर्ध्या मीटरपर्यंत आतल्या दिशेने हलका उतार द्यायला सांगावा आणि वॉटरप्रूफिंगचा थरही तेवढ्या भागापर्यंत वाढवावा. टाइल लागल्यावर, सांधे भरण्यापूर्वी, त्या वाटेवर मगभर पाणी ओतून ते कुठे जाते हे स्वतः उभे राहून पाहावे. पाणी बाहेर वळत असेल, तर दुरुस्ती त्याच दिवशी करून घ्यावी.

सरकत्या दारांची बाजूही सांगायला हवी. १५०० मि.मी. रुंदीत ती बसतात, उघडताना जागा अडवत नाहीत आणि पाणी उघड्या रचनेपेक्षा निश्चितच चांगले रोखतात. पण दोनपैकी एक पल्ला नेहमी दुसऱ्यामागे राहत असल्यामुळे आत जाण्याची वाट निम्म्याहून थोडी कमीच मिळते, आणि खालच्या पट्टीत साबणाचा चिकटा व केस साठतात. सरकते दार घ्यायचे झाल्यास पल्ले वरच्या दांडीवर चाकांनी टांगलेले आणि खालून साफसफाईसाठी सोडवता येणारे असावेत. बिजागरीचे दार सर्वांत सुटसुटीत आणि पुसायला सोपे असते. मात्र ते उघडण्याच्या कक्षेत कमोड किंवा वॉशबेसिन येता कामा नये. फरशीवर खडूने त्या कक्षेची कमानदार रेषा काढली, की दोन मिनिटांत उत्तर मिळते. त्याच खडूने काचेचीही रेषा आखावी, आत उभे राहून डोके धुतो तसे दोन्ही कोपर वर करून पाहावे. शॉवरचा ९०० मि.मी.चा भाग कागदावर पुरेसा वाटतो. पण टाइल आणि तिच्याखालचा मसाला प्रत्येक भिंतीवर १० ते १५ मि.मी. जागा घेतात, हे लक्षात ठेवावे.

याच कारणासाठी काचेचे अंतिम माप टाइल पूर्ण लागल्यावरच घ्यावे. उघड्या भिंतीवरून घेतलेल्या मापावर काच मागवणे हे पैसे वाया घालवण्याचे हमखास साधन आहे, कारण शॉवरसाठी लागणारी टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली काच नंतर कापता येत नाही. माप खाली, मध्ये आणि वर अशा तीन उंचींवर घ्यावे. भिंत ओळंब्यात आहे का, तेही पाहावे. चौकटीच्या पार्टिशनमधील भिंतीलगतची पट्टी काही मिलिमीटर पुढेमागे होते आणि भिंतीचा बाक सामावून घेते. बिनचौकटीच्या काचेला ती मुभा जवळजवळ नसते. माप काच पुरवणाऱ्यानेच घ्यावे आणि स्वतःच्या सहीच्या कागदावर लिहून द्यावे. माप एकाचे आणि काच दुसऱ्याची असली, की चूक कोणाचीच नसते.

प्रश्न: ६, ८ आणि १० मि.मी. जाडीच्या काचेपैकी कोणती सुरक्षित? टफन्ड काच कधीकधी कोणी हात न लावताही आपोआप फुटते असे ऐकले, त्यामुळे घरातील मंडळी घाबरली आहेत.

उत्तर: भीती निराधार नाही, पण तिचे कारण समजून घेतले तर पुष्कळशी दूर होते. टफन्ड काच तयार करताना साधी काच ६०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडून झटकन थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून थंड होत आकसू पाहतो आणि पृष्ठभागाला आत ओढतो. परिणामी पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. काचेतील तडा ताणामुळे पसरतो. पृष्ठभागच दाबाखाली असल्यामुळे लहानसहान ओरखड्यांतून तडा सुरू होणे कठीण जाते आणि म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा सुमारे चार ते पाच पट भार सोसते. मात्र एकदा तडा गाभ्यापर्यंत पोहोचला, की साठलेली सगळी ताकद एका क्षणात मोकळी होते आणि पूर्ण काच बोथट कडांच्या बारीक तुकड्यांत विखुरते. साध्या काचेचे सुरीसारखे लांब तुकडे पडतात आणि ते प्राणघातक ठरू शकतात. शॉवरसाठी साधी काच कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, ही गोष्ट तडजोडीची नाही. काचेच्या कोपऱ्यात मानकाचा शिक्का असतो. युरोपीय मानकांत टफन्ड काचेसाठी ईएन १२१५० आणि शॉवरच्या पार्टिशनसाठी ईएन १४४२८ हे क्रमांक आहेत. आपल्या देशात जे मानक लागू असेल, त्याचा शिक्का बसवण्यापूर्वी पाहावा. तो नसलेली काच परत पाठवावी.

आपोआप फुटण्याची कारणे साधारणपणे दोन असतात. काच वितळवताना तिच्यात निकेल सल्फाइडचा अत्यंत सूक्ष्म कण राहून जातो; तो महिने किंवा वर्षे हळूहळू आपले रूप बदलतो, किंचित फुगतो आणि ताणाखालच्या गाभ्यात असेल तर काच फोडतो. हे क्वचित घडते. यावर उपाय म्हणून काही कारखाने तयार काच पुन्हा सुमारे २५० ते ३०० अंशांवर काही तास ठेवतात, जेणेकरून असे कण असलेली काच कारखान्यातच फुटून जाते. या प्रक्रियेला हीट सोक चाचणी म्हणतात आणि मोठी काच घेताना तिची मागणी अवश्य करावी. दुसरे कारण अधिक नेहमीचे आहे, ते म्हणजे कडेला बसलेला मार. टफन्ड काच मधोमध ठोसा सोसते, पण तिची कड आणि कोपरे नाजूक असतात. बसवताना कामगाराने काच क्षणभर टाइलवर उभी टेकवली, बिजागरी आणि काच यांच्यामधली रबरी चकती बसवलीच नाही, किंवा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला, की कडेला डोळ्यांना न दिसणारी इजा होते आणि काच कितीतरी दिवसांनी, एखाद्या शांत दुपारी फुटते. म्हणून काच खोलीत येईल त्या वेळी तिच्याखाली लाकडी पट्ट्या किंवा जाड पुठ्ठा अंथरलेला असावा, काचेच्या चारही कडा घासून गुळगुळीत केलेल्या असाव्यात आणि कुठेही धातू काचेला थेट लागलेला नसावा. या तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात.

आता जाडीविषयी. चौकट चारही बाजूंनी धरत असेल, तर ६ मि.मी. काच योग्य प्रकारे काम करते. बिनचौकटीच्या रचनेत काचेलाच आपला तोल सांभाळावा लागतो, म्हणून तिथे ८ किंवा १० मि.मी. घ्यावी. पण जाडीबरोबर वजनही वाढते. काचेचे वजन प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो धरतात. या हिशेबाने ९०० बाय २००० मि.मी. काच ८ मि.मी. जाडीत ३६ किलो आणि १० मि.मी. जाडीत ४५ किलो भरते. बिजागऱ्या किती वजन पेलतात हे त्यांच्या पत्रकावर छापलेले असते, ते काचेच्या वजनाशी ताडून पाहावे. बहुतेक घरगुती दारांना ८ मि.मी. पुरेशी असते, १० मि.मी.चा भारदस्तपणा डोळ्यांना सुखावतो, मात्र तो पेलण्यासाठी भिंत भक्कम हवी. भिंत पोकळ, म्हणजे बोर्डाची असेल, तर बिजागऱ्यांच्या जागी आत लाकडी आडवे तुकडे किंवा जाड प्लाय बसवून मगच ती बंद करावी, आणि बंद करण्यापूर्वी मोजपट्टी लावून त्या जागेचे छायाचित्र काढून ठेवावे. एका बाजूने मोकळ्या असलेल्या स्थिर काचेला वरून भिंतीपर्यंत जाणारी आधाराची दांडी लागते. ती दिसायला नको म्हणून काढून टाकण्याचा मोह टाळावा.

ज्यांना फुटण्याची कल्पनाच सहन होत नाही, त्यांनी लॅमिनेटेड टफन्ड काचेचा विचार करावा. तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि काच फुटली तरी तुकडे त्याला धरून राहतात. ती अधिक महाग व जड असते, आणि तिच्या उघड्या कडांत ओलावा शिरून पापुद्रा सुटू नये यासाठी कडांची काळजी घ्यावी लागते.

प्रश्न: नव्या चौकटीच्या पार्टिशनच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी बाहेर येते. आतून आणि बाहेरून दोनदा सिलिकॉन भरले, तरी गळती वाढलीच आहे. आता काय भरावे?

उत्तर: आणखी काही भरू नये, उलट आतले सिलिकॉन काढावे. चौकटीच्या खालच्या पोकळ पट्टीत थोडे पाणी शिरणारच असे गृहीत धरून तिची रचना केलेली असते, आणि ते पाणी आतल्या बाजूने परत शॉवरमध्ये निथळण्यासाठी तिला बारीक वाटा ठेवलेल्या असतात. आतून सिलिकॉन भरले, की या वाटा बुजतात, पाणी पट्टीत साठते आणि जिथे उभी व आडवी पट्टी मिळतात त्या कोपऱ्यातून बाहेर पडते. आपण सांगता तो कोपरा तोच आहे. म्हणूनच चौकटीच्या बहुतेक पार्टिशनांना सिलिकॉन फक्त बाहेरून लावायला सांगितलेले असते. आपल्या पार्टिशनसोबत आलेल्या पत्रकात नेमके काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.

जुने सिलिकॉन पात्याने खरवडून पूर्ण काढावे, कारण नवे सिलिकॉन जुन्याला धरत नाही आणि वरून दिलेला थर दिसायला अखंड असला तरी आतून सुटलेला असतो. जागा पूर्ण कोरडी होऊ द्यावी, बुरशीरोधक सिलिकॉन बाहेरून एका सलग ओळीत भरावे आणि किमान २४ तास शॉवर वापरू नये. त्यानंतर कोरड्या फरशीवर बाहेरून टिश्यू कागद अंथरून आत एकेका ठिकाणी थोडे थोडे पाणी सोडले, की ते कुठून येते हे उमगते. हातातल्या शॉवरची धार थेट दाराच्या फटीवर मारून परीक्षा घेऊ नये. कोणतीही रबरी पट्टी तशा माऱ्यासाठी बनवलेली नसते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे तपासावी. खालची पट्टी फरशीत स्क्रूने बसवली आहे का? तसे असेल, तर वॉटरप्रूफिंगच्या थराला छिद्रे पडली असण्याची शक्यता आहे आणि ते पाणी चौकटीजवळ न दिसता खालच्या मजल्याच्या छताला दिसते. फरशीवरची पट्टी चिकटवूनच बसवावी, स्क्रू भिंतीपुरते ठेवावेत.

प्रश्न: माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि वॉकर घेऊन चालतात. सध्या शॉवरला उंच कडेचा टब आहे, तो काढून काचेचे पार्टिशन करावे असे यजमानांचे म्हणणे आहे. सासूबाईंना ते सोयीचे होईल का?

उत्तर: टब काढण्याचा निर्णय अत्यंत योग्य आहे. काचेविषयी मात्र प्रामाणिकपणे सांगायचे, तर आपल्या घरात काच ही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. पहिली गोष्ट म्हणजे फरशी सलग हवी, मध्ये उंबरा नको, टाइल ओल्या पायालाही न घसरणारी हवी आणि आत जाण्याची वाट वॉकरसह, शक्यतो मदतनीसासह, पार करता येईल इतकी रुंद हवी. वाट ८०० मि.मी.पेक्षा कमी ठेवू नये. पुढेमागे चाकाची खुर्ची लागण्याचा संभव असेल, तर ९०० मि.मी. किंवा अधिक ठेवावी.

दार घेतलेच तर ते बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. आत उघडणारे दार असताना माणूस आत कोसळला, तर त्याचे अंगच दार अडवते आणि बाहेरच्यांना मदतीला जाता येत नाही. पकडण्याच्या दांड्या भिंतीवर, आतल्या भक्कम आधारात बसवाव्यात. काचेच्या दाराची मूठ किंवा त्यावरची टॉवेलची दांडी ही धरून उठण्यासाठी नसते; तोल जाताना हात मात्र जवळच्या दांडीकडेच जातो, म्हणून सासूबाईंच्या बाजूने काचेवर टॉवेलची दांडी मुळीच लावू नये. स्वच्छ पारदर्शक काच कमी दृष्टीच्या व्यक्तीला दिसत नाही, तेव्हा डोळ्यांच्या उंचीवर आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरही एक ठळक पट्टी चिकटवावी.

हे सगळे पाहता काचेऐवजी पडदा लावावा, असे मी सुचवीन. पडदा पूर्ण बाजूला सरतो, मदतनीस आत येऊ शकतो, आणि तो अंगावर पडला तरी इजा होत नाही. पडद्याविरुद्धची नेहमीची तक्रार अशी, की शॉवर सुरू होताच तो आत ओढला जाऊन अंगाला चिकटतो. तक्रार खरी आहे. या साध्या दिसणाऱ्या घटनेचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास करून फवाऱ्यामुळे हवेत कमी दाबाचा भोवरा तयार होतो असे दाखवणारे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे डेव्हिड श्मिट यांना २००१ साली भौतिकशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक मिळाले होते. खालच्या कडेत वजन शिवलेला जाड पडदा आणि आत कमानीसारखी वळलेली नव्हे, तर बाहेरच्या बाजूला बाक असलेली दांडी घेतली, तर हा त्रास बराच कमी होतो. पडदा धुऊन वाळवत राहावा लागतो, तेवढी मेहनत मात्र आहे.

प्रश्न: आमची काच वर्षभरातच पांढुरकी दिसू लागली. आता दुसऱ्या बाथरूममध्ये पाणी न चिकटणारे कोटिंग असलेली काच सुचवली जात आहे. तिचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर: होतो, परंतु पुसण्याला पर्याय म्हणून नाही. पांढुरके डाग दोन प्रकारचे असतात. पाणी वाळले, की त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार काचेवर राहतात. आणि साध्या वडीच्या साबणाचा याच कॅल्शियमशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा चिकट थर तयार होतो. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे असेल, तर साबणाच्या वडीऐवजी द्रवरूप बॉडी वॉश वापरल्यानेही दुसऱ्या प्रकारचा थर बराच घटतो, कारण त्यांपैकी बहुतेकांत साबण नसतो.

ताजे क्षार पातळ केलेल्या व्हिनेगरने किंवा सायट्रिक आम्लाने निघतात. द्रावणात भिजवलेला कागदी रुमाल काचेवर काही मिनिटे चिकटवून ठेवावा, मग मऊ फडक्याने पुसून भरपूर पाण्याने धुवावे. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड जवळ असेल, तर त्यावर आम्लाचा थेंबही पडू देऊ नये, आणि ब्लीच असलेल्या कोणत्याही द्रावणाबरोबर आम्ल कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. फार काळ साचून राहिलेल्या थराखाली काचेचा पृष्ठभागच झिजलेला असतो. तो पांढुरकेपणा धुऊन जात नाही. सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या बारीक भुकटीने यांत्रिक पॉलिश करून काही प्रमाणात फरक पडतो.

कोटिंगमुळे पाणी पसरट न राहता थेंब होऊन लवकर ओघळते, त्यामुळे वाळण्यासाठी मागे कमी पाणी उरते. कारखान्यात पक्के केलेले कोटिंग जागेवर फडक्याने लावलेल्या कोटिंगपेक्षा जास्त टिकते. खरखरीत पावडर आणि तारेची घासणी मात्र दोन्हींची वाट लावते. कोटिंग असलेली बाजू शॉवरकडे आली आहे ना, हे बसवण्यापूर्वी थेंबभर पाणी टाकून पाहावे. एवढे करूनही स्नान संपल्यावर रबरी वायपर वरून खाली फिरवण्याची सवय नसेल, तर काच पांढरी होणारच. याला अर्धा मिनिट लागतो आणि तो कोणत्याही कोटिंगपेक्षा अधिक गुणकारी आहे. म्हणून वायपर अडकवण्याची खुंटी शॉवरच्या आतच, हाताशी लावावी.

प्रश्न: एकच बाथरूम सगळे वापरतात, त्यामुळे धूसर काच हवी आहे. आणि साध्या काचेत दिसणारी हिरवट झाक टाळता येते का?

उत्तर: हिरवट झाक काचेतील लोहामुळे येते आणि जाडीबरोबर वाढते. पांढऱ्या टाइलसमोर ती खटकत असेल, तर कमी लोहाची काच मागावी. रंगीत किंवा गडद टाइलसमोर तो खर्च मला अनाठायी वाटतो. धूसर काच आम्लाने खरवडलेली असेल, तर पृष्ठभाग मऊ राहतो आणि सहज पुसता येतो. वाळूच्या माऱ्याने धूसर केलेल्या काचेच्या खडबडीत भागात साबण आणि बोटांचे तेलकट ठसे रुतून बसतात. प्रकार कोणताही असो, धूसर बाजू बाहेर, कोरड्या भागाकडे ठेवायला सांगावे. काचेला दाराच्या बिजागऱ्यांसाठी भोके पाडायची असल्यास ती टफन होण्याआधीच पडतात आणि डाव्या-उजव्या बाजूप्रमाणे त्यांची जागा बदलते, म्हणून धूसर बाजू कोणती आणि दार कोणत्या हाताला उघडणार, या दोन्ही गोष्टी मागणीच्या कागदावर चित्र काढून लिहून द्याव्यात.